प्रसाद, पाव आणि पंगत: मराठीतला प्रभुभोजनाचा अर्थ

बाहेर पाऊस कोसळतोय, चिक्कीच्या दुकानांपुढे पर्यटकांच्या गाड्या अडकल्यात, आणि तरी तुम्ही वेळेवर येऊन बसलात, त्याबद्दल आभार. विषय ख्रिस्ती श्रद्धेचा आहे आणि मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगून टाकते. आयुष्यभर मराठी शिकवली. त्यामुळे धर्मशास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण शब्द वाचण्याचा थोडाफार आहे, आणि आज मी तेवढंच करणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतले एक रेल्वेतले गृहस्थ वारले. कॅथलिक होते. चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा होती. माझ्या शेजारी कार्ल्याच्या बाजूचे एक आजोबा बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, हातात टोपी. गेलेल्या माणसाबरोबर त्यांनी तीस वर्षं रेल्वेत नोकरी केली होती. मिस्सा मराठीत होती, त्यामुळे आजोबा सगळं नीट ऐकत होते. शेवटाकडे लोक रांगेनं वेदीकडे निघाले. आजोबांनी मला हळूच विचारलं, "बाई, परसाद वाटत्यात. आपुन जायाचं ना?" मी म्हणाले, "आजोबा, तो त्यांच्यातल्यांनाच असतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परसाद?"

एवढंच म्हणाले. रागानं नाही, आश्चर्यानं. माझं आजचं सगळं व्याख्यान त्या एका शब्दावर आहे असं समजा.

कारण आजोबांचं मराठी अचूक होतं. आपल्या भाषेत प्रसाद नाकारला जात नाही. देवळात कोण आलं, कुठून आलं, हे विचारून कुणी प्रसाद देत नाही. हात पुढे केला की शिरा पडतो. (देवळात मुळात कुणाला येऊ दिलं जातं, हा वेगळा प्रश्न. त्याकडे येणारच आहे.) उलट 'भोजन' हा शब्द घ्या. जेवायला कुणी कुणाच्या घरी, कुणाच्या पंगतीत, कुणाच्या हातचं बसायचं, यावर आपल्या समाजानं शेकडो वर्षं पहारा ठेवला. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार असे जोडशब्द उगाच नाही झाले. थोडक्यात, मराठीत प्रसाद मोकळा आहे आणि भोजन बंदिस्त.

आता गंमत बघा. कॅथलिक मंडळी आपापसात कम्युनियन म्हणतात, ख्रिस्तशरीर म्हणतात, पण आपल्यासारख्या बाहेरच्यांना समजावताना प्रसाद म्हणतात. हिंदीतल्या कॅथलिकांचा तर रूढ शब्दच 'परमप्रसाद' आहे. आणि त्यांच्याकडे हा विधी सर्वांत जास्त राखलेला: बाप्तिस्मा हवा, चर्चशी एकरूपता हवी, गंभीर पाप मनात असेल तर आधी पापनिवेदन हवं, घेण्याआधी तासभर उपास हवा. प्रॉटेस्टंट मंडळींनी मराठीत 'प्रभुभोजन' हा शब्द धरला. म्हणजे राखलेल्या विधीला मोकळा शब्द मिळाला, आणि जो विधी जातीची पंगत मोडू पाहत होता त्याला बंदिस्त शब्द मिळाला. माझं म्हणणं असं आहे की मराठी मुलखात या विधीचा अर्थ या उलटापालटीतून घडला. युरोपातल्या वादांमधून तो फारसा घडला नाही.

ते वाद थोडक्यात सांगते. भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात का? १५२९ साली जर्मनीत मारबुर्ग इथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यावर भांडले आणि हात हलवत परतले. कॅथलिक चर्चनं १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेत आपली भूमिका पक्की केली: बाह्य रूप भाकरीचं राहतं, मूळ तत्त्व बदलतं. श्रद्धावंताच्या दृष्टीनं हे फार मोठं आहे, मी ते हलकं करत नाही. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला "देव या घासात आहे का" हा प्रश्न कधी फार अडला असेल असं मला वाटत नाही. अन्न पूर्णब्रह्म म्हणणारी माणसं आपण. आपल्याला अडला तो दुसरा प्रश्न: हा घास कुणाच्या हातचा आहे?

आणि इथे पाव येतो.

तुम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट आहे. पोर्तुगीजांनी वसईच्या बाजूला विहिरीत पाव टाकला, गावानं ते पाणी प्यायलं आणि गाव बाटलं. ही गोष्ट इतिहास म्हणून टिकत नाही. धर्मांतरं अशी होत नाहीत, आणि वसईची झाली ती अनेक कारणांनी आणि बऱ्याच काळात झाली. पण दंतकथा म्हणून ती ऐका. एका तुकड्यानं सगळं गाव एक होतं! ख्रिस्ती माणूस वेदीपाशी नेमकं हेच म्हणतो: भाकर एक, म्हणून आम्ही अनेक असूनही एक शरीर. दंतकथेनं हा अर्थ बरोब्बर पकडला आणि त्याला 'बाटणे' असं नाव दिलं. बाहेरच्या माणसानं केलेलं प्रभुभोजनाचं इतकं भेदक वाचन मला दुसऱ्या कुठल्या भाषेत माहीत नाही. विरोधकाला कधीकधी भक्तापेक्षा जास्त कळतं.

हाच पाव पुढे १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत दिसतो. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे मित्र. सभा गुप्त. आत येणाऱ्यानं जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिश्चनानं भाजलेला पाव खायचा. लक्षात घ्या, ही सगळी हिंदू तरुण मंडळी होती. त्यांना ख्रिस्ती व्हायचं नव्हतं, जात सोडायची होती, आणि ती सोडण्यासाठी त्यांना पावच सापडला. पण दार लावून. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा संपली. गुपचूप खाल्लेला घास उजेडात टिकला नाही.

या सभेत जाणाऱ्या तरुणांत बाबा पदमनजी होते. 'यमुनापर्यटन'मुळे आपल्याला ते माहीत असतात. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या वाटचालीची हकिकत 'अरुणोदय' या आत्मचरित्रात लिहिली. मी पदमनजींकडे असं बघते: बंद खोलीतला पाव त्यांनी उघड्या मेजावर नेला. पहिला पाव 'नाही' म्हणण्यासाठी होता, जात नाही, सोवळं नाही. दुसऱ्यात 'आहे' होतं. ज्याच्या नावानं आपण एकत्र बसलो तो इथे आहे, आणि म्हणून माझ्या शेजारी कोण बसलंय हे मी ठरवणार नाही. दोन्ही ठिकाणी पीठ तेच, भट्टी तीच. फरक कळला की प्रभुभोजन म्हणजे काय याचं निम्मं उत्तर मिळतं.

उरलेलं निम्मं लक्ष्मीबाई टिळकांकडे आहे. 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो, भाषेसाठी वाचतो, एका बाईच्या धैर्यासाठी वाचतो. माझी तक्रार आहे की आपल्या समीक्षेनं त्या पुस्तकातलं स्वयंपाकघर पुरेसं वाचलेलं नाही. बघा ना. सुरुवातीला बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे वडील. मग १८९५ साली नवरा ख्रिस्ती होतो. काही वर्षं ताटातूट. मग ती नवऱ्याकडे परत जाते, पण तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. एका छपराखाली नवरा-बायको आणि मधे रोटीव्यवहार बंद! या काळात तिच्याशी धर्मावर वाद घालून काही झालं नाही. आधी तिच्या मनातला जातीचा विटाळ गेला, ज्याच्या-त्याच्या हातचं खाणंपिणं सुरू झालं, आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य आत्मचरित्रात आधी श्रद्धा येते, मग संस्कार, मग आचरण. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ताट आधी येतं. माझ्या मते मराठीतल्या प्रभुभोजनाची सगळ्यात खोल पानं तीच आहेत, आणि त्या पानांवर चर्चही नाही, वेदीही नाही. चूल आहे.

आता एक अडचणीची गोष्ट. पेला.

भाकर एक असली तरी तुकडे वेगळे होतात. पेला तसा नाही. पेल्याला ओठ लागतात. आणि मराठीत 'उष्टं' नावाचा एक शब्द आहे, ज्याला इंग्रजीत धड प्रतिशब्द नाही. आईनं बाळाचं उष्टं खाणं ही माया, पण परक्याचं उष्टं ही किळस, आणि गावकुसाबाहेरच्यांना उष्टं देणं ही आपल्या समाजाची रीत. हे सगळं त्या एका शब्दात भरलेलं आहे. आता कल्पना करा, नगर जिल्ह्यातलं एखादं जुनं चर्च. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून. एका बाकावर ब्राह्मण घरातून आलेला माणूस, शेजारी महार वस्तीतून आलेला, पलीकडे मांग वस्तीतून आलेला. आणि एक पेला हातोहात पुढे सरकतोय. चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली आलं. त्याच्या कितीतरी आधी हा पेला फिरत होता. विश्वासणाऱ्यासाठी त्या घोटात येशूचं रक्त होतं. पण त्याच घोटात शेजाऱ्याचं उष्टंही होतं, आणि ते चुकवून पहिलं मिळत नव्हतं. मला हा भाग विलक्षण वाटतो.

मग छोटे छोटे पेले आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रोगजंतूंच्या भीतीनं प्रत्येकाला वेगळी चिमुकली पेली द्यायची पद्धत निघाली आणि जगभर पसरली. आज आपल्याकडच्या कित्येक चर्चमध्ये ट्रेमधून त्या पेल्या फिरतात. कुणी जात पाळायला त्या आणल्या असं मी म्हणत नाही. कारण आरोग्याचंच होतं, आणि कोरोनानंतर तर त्यावर बोलायची सोय नाही. पण उष्ट्याचा प्रश्न आपोआप मिटला, हेही खरं. कॅथलिकांकडे तो वेगळ्या तऱ्हेनं मिटलेला होता: कित्येक शतकं सामान्य भाविकांना फक्त भाकर मिळे, पेला धर्मगुरूपुरता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं काही प्रसंगी दोन्ही द्यायला वाट मोकळी केली, तरी रोजच्या मिस्सेत बहुतेकदा भाकरच. म्हणजे एकीकडे पेला वाटून टाकला, दुसरीकडे राखून ठेवला. ओठाला ओठ लागायचा प्रसंग दोन्हीकडे टळला.

जात गेली का? नाही गेली. चर्चच्या आतसुद्धा नाही. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांना दक्षिणेतल्या मंडळ्यांना फर्मान काढून बजावावं लागलं की प्रभुभोजनाला जातवार बसणं बंद करा. त्यावर माणसं चर्च सोडून गेली. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना हेच दुखणं उघडं केलं: माणूस चर्चमध्ये येतो आणि जात मागोमाग येते. आपल्याकडेही महारवाड्यातला ख्रिस्ती आणि मांगवाड्यातला ख्रिस्ती यांच्यात लग्नं जमवताना काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. रोटी एक झाली, बेटी नाही.

पण इथे ख्रिस्ती परंपरेच्या बाजूनं एक गोष्ट बोलली पाहिजे. हा दोष तिला बाहेरच्यांनी दाखवला नाही. तो तिच्या अगदी सुरुवातीच्या कागदपत्रांतच नोंदलेला आहे. पौलानं करिंथकरांना पत्र लिहिलं ते सन ५५ च्या आसपास, शुभवर्तमानं लिहून व्हायच्या आधी. करिंथमध्ये काय होत होतं? पैसेवाले लवकर येत, आपलं आणलेलं खाऊन-पिऊन मोकळे होत, आणि कामावरून उशिरा येणारे मजूर, गुलाम उपाशी राहत. पौल त्यांना सांगतो की तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. विचार करा, शब्द सगळे बरोबर, भाकर बरोबर, रस बरोबर, आणि तरी विधी झालाच नाही, कारण पंगत चुकली! शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दोष ओढवून घेतो, असंही तो बजावतो. ते 'शरीर' म्हणजे वेदीवरचं की शेजारी बसलेलं, यावर अभ्यासकांचे दोन गट आहेत. करिंथची हकिकत वाचल्यावर मी तरी दुसऱ्या गटात जाते.

मग प्रश्न येतो की आजोबांना का नाही? शेजारी तर तेही बसले होते.

हा प्रश्न मी नंतर माझ्या एका कॅथलिक सहकारी बाईंना विचारला. मला वाटलं होतं त्या नियम सांगतील. त्या म्हणाल्या, "अगं, फादर हातावर ठेवताना म्हणतात 'ख्रिस्ताचं शरीर', आणि आपण 'आमेन' म्हणतो. ते आमेन म्हणजे सही आहे. मला हे सगळं मान्य आहे, याच्यासाठी मी जगेन, असं. आजोबांकडून न वाचलेल्या कागदावर सही कशाला घ्यायची?" मला हे उत्तर आवडलं. त्यात आजोबांना कमी लेखणं नव्हतं, उलट त्यांच्या श्रद्धेची बूज होती. दीक्षा न घेता कुणी माळ घालू नये असं वारकरीही म्हणतातच की. पण मग, मी त्यांना म्हटलं, त्याला प्रसाद म्हणू नका. सही म्हणा, शपथ म्हणा, घरचं जेवण म्हणा. प्रसाद म्हटलं की मराठी माणूस हात पुढे करणार.

त्यांच्या बाजूनं एक मात्र कबूल करते. प्रसाद या शब्दात एक अर्थ आहे जो भोजनात नाही. भोजन वाढून घेता येतं, प्रसाद मागून वाढवून मिळत नाही. तो पसरलेल्या हातावर पडतो, जेवढा पडेल तेवढा. रांगेत डॉक्टर असो की धुणीभांडी करणारी बाई, चकती एकाच आकाराची. ती कमावलेली नाही, ही जाणीव 'प्रसाद'मध्ये आहे.

ही कोंडी फोडायचे प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झालेत. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२० साली भारतीय उपासनापद्धतीची मागणी करणारं पुस्तक काढलं, सीरियन परंपरेच्या आधारानं नवी पद्धती रचायला हात लावला, आणि १९२७ मध्ये पुण्यात ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम उभा केला. गोरे आणि काळे एका पंगतीत जमिनीवर बसून जेवत, त्या काळात. पुढे १९७२ पासून त्याच ठिकाणी ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. स्वयंपाक एक, प्रार्थना एक, आणि ख्रिस्तप्रसादाबाबत मात्र दोन चर्चचे दोन नियम. लक्ष्मीबाईंच्या संसाराचं उलटं चित्र आहे हे: चूल एक, वेदी दोन. नारायण वामन टिळकांनी तर १९१७ च्या सुमारास मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलेला माणूस तो, त्याला उंबरठा छोटाच करावासा वाटला असणार. दोन वर्षांत ते गेले.

मघाशी एकानं चिठ्ठी पाठवली आहे: लोणावळ्यात बोलताय तर अँथनी द मेलोंबद्दल का नाही? सांगते. १९७८ पासून त्यांची साधना संस्था इथे होती, सगळ्या धर्मांची माणसं त्यांच्याकडे श्वासावर लक्ष ठेवायला शिकली. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण श्वासाला दुसरा माणूस लागत नाही. आजच्या विषयाला लागतो, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

आणि आपलं काय? लोणावळ्याच्या डोंगरात उगवणारी इंद्रायणी मावळातून देहू-आळंदीला जाते. तिच्या काठच्या गावागावात सप्ताह होतो आणि शेवटी काला. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, देवानं सवंगड्यांचं उष्टं खाल्लं, हे काल्याचं कीर्तन. उष्ट्याला देवाच्या तोंडापर्यंत नेणारी ही कल्पना प्रभुभोजनाच्या पेल्याइतकीच धाडसी आहे. आणि तरी चोखोबा पायरीशीच राहिले, आणि पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. तेव्हा करिंथकरांना हसायची सोय आपल्यालाही नाही.

त्याच आजोबांच्या गावी पुढच्या वर्षी काल्याला गेले होते. गेलेल्या मित्राची मुलगी मुद्दाम आली होती, वडील दरवर्षी यायचे म्हणून. आजोबा द्रोण घेऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, त्यांना चालंल का?" पौलाच्या त्याच पत्रात हाही प्रश्न आहे, दुसऱ्या देवाला दाखवलेलं खावं की नाही, आणि त्यावर त्यानं बरीच जागा खर्च केली आहे. त्या मुलीनं ते पत्र वाचलेलं असणार. ती क्षणभर द्रोणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, पप्पा घरी येऊन सांगायचे, तुमच्या काल्यात दही आंबट असतं." आणि तिनं हात पुढे केला.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या दाराशी उभे आहेत त्यांनी आत या, भिजताय.